तिसरा आग्रह

ऑर्विल टॉस्ट्रुड रोज सकाळी गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला जायचा आणि रोज दुपारी निम्म्या मिनेसोटाशी भांडून, रिकामी बादली घेऊन घरी परत यायचा.

"लागलं का काही गळाला?" त्याची बायको मार्लिस विचारायची.

"तसं वाईट नाही," ऑर्विल म्हणायचा.

आमच्या लून लेक गावात 'तसं वाईट नाही' हे उत्तर कशालाही चालतं. लॉटरी लागली तरी तेच, छप्पर उडालं तरी तेच. त्यामुळे मार्लिसला शंका यायचं कारण नव्हतं.

भानगड अशी होती की ऑर्विलला ऑनलाइन भांडायला बंदी होती. समोरासमोर हा माणूस इतका गरीब, की कुणी त्याच्या पायावर पाय दिला तर पाय मध्ये आला म्हणून हाच माफी मागणार. पण फोन हातात आला रे आला की त्याचा 'हिमसिंह' व्हायचा. हे त्याचं ऑनलाइन कट्ट्यावरचं नाव. फाशीची शिक्षा असावी की नसावी, शाळेत प्रार्थना घ्यावी की नाही, पवनचक्क्या चांगल्या की वाईट, नरक गरम असतो की थंड (आमच्याकडे जानेवारीत गरम नरकाला कुणी घाबरत नाही, उलट पत्ता विचारतात), विषय कुठलाही असो, हिमसिंह डरकाळी फोडणारच. शेवटी ऑर्विलचा रक्तदाब पाहून डॉक्टरनं आपलं मशीन बदलून पाहिलं. आकडा बदलला नाही. त्याच दिवशी मार्लिसनं जाहीर केलं, "आता परत ऑनलाइन भांडताना दिसलास ना, तर तुझी खोपी उचलून माझ्या भावाला देऊन टाकीन. ड्वेनला. बघच तू."

खोपी म्हणजे ऑर्विलचा जीव होता. तळं कडक गोठलं की त्यावर ओढून न्यायची लाकडी खोली. गिरमिटानं बर्फाला भोक पाडायचं, खोपी भोकावर आणायची आणि आत गळ सोडून बसायचं. गावात खोप्या पुष्कळ होत्या, पण ऑर्विलच्या हिरव्या खोपीत त्यानं स्वतः बनवलेली शेगडी होती, गादीचा बाक होता, आणि पडदा लावलेली खिडकी होती. पडदा! ड्वेन गेली कित्येक वर्षं त्या खिडकीकडे असा बघायचा, जसं लहान मूल दुसऱ्याच्या वाढदिवसाच्या केककडे बघतं.

तर ऑर्विलनं बंदी मान्य केली आणि भांडायचा कारखाना घरातून खोपीत हलवला. इतकंच.

त्या बुधवारी 'सत्यहातोडा' नावाच्या एका भयानक नास्तिकानं त्याला कोंडीत पकडलं होतं. सत्यहातोड्यानं देवाविरुद्ध चार मुद्दे मांडले. पहिले तीन ऑर्विलनं झोपवले, चौथ्याला मात्र उत्तरच सुचेना. आता आमच्याकडे बोलायला काही उरलं नाही की काय करतात? कॉफीला बोलावतात. ऑर्विलनं लिहिलं, "असो. कधी लून लेककडे आलात तर माझ्या खोपीवर कॉफीला या. दक्षिण किनारा, हिरवी खोपी."

"छे छे, तुम्हाला कशाला उगाच त्रास," सत्यहातोड्यानं लिहिलं.

इथेच ऑर्विलनं थांबायला हवं होतं. पण जन्मभराची सवय ती, अंगठा आपोआप चालला. "त्रास कसला त्यात! या हो!"

"नको, खरंच नको. रस्त्यावर बर्फ आहे."

"ते काही नाही! यायचंच!"

पाठवल्यावर ऑर्विलच्या लक्षात आलं आणि त्याच्या हातातली कॉफी गळाच्या भोकात सांडली. तो तिसरा आग्रह होता.

आमच्या भागात पहिला आग्रह हा नुसता शिष्टाचार असतो. दुसरा म्हणजे जास्तीचा शिष्टाचार. दोन्ही वेळा नाही म्हणायचं असतं, म्हणतातच. पण तिसरा आग्रह हा करार असतो. तिसऱ्यांदा 'नको' म्हणणाऱ्या माणसाशी पुढे त्याच्या नातवंडांचंही लग्न जमत नाही.

"बरं मग," सत्यहातोड्यानं लिहिलं. "शनिवारी येतो. लिंबाच्या वड्या आणतो."

आणि हे सगळं उघड कट्ट्यावर चाललेलं. खाली लगेच दुसरे टपकले. "सत्यहातोडा येणार आणि हिमसिंह एकटा पडणार? मीही येतो." "मग आमच्या बाजूचं कोण? मी येते." "बंदुकांचा विषय निघणार असेल तर मला धरा." बिचारा ऑर्विल! प्रत्येकाला तो लिहीत होता, "अहो, तुम्हाला कशाला त्रास," आणि प्रत्येकाला वाटत होतं, हा पहिला आग्रह झाला.

रद्द करायचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडे घराला आग लागली तरी बोलावलेल्या पाहुण्याला अंगणात खुर्ची टाकून कॉफी देतात.

शनिवारी सकाळी खोपीचं दार वाजलं. ऑर्विलनं उघडलं तर दारात माणूस नव्हे, कपाट उभं होतं. दाढीवर बर्फ, हातात वड्यांचा डबा.

"मी वेंडेल," कपाट अगदी बारीक आवाजात म्हणालं. "फार्गोहून आलो. म्हणजे मीच तो सत्यहातोडा. पायातले बूट काढू का?"

"अहो, बर्फावर आहोत आपण!"

"तरीपण."

वेंडेल आत येऊन गादीच्या बाकावर बसला. बाक कुरकुरला. दोघंही शेगडीकडे बघत राहिले. बुधवारी या दोघांनी एकमेकांना काय काय म्हटलं होतं ते इथे लिहिलं तर चर्चच्या यादीतून माझं नाव कमी होईल.

"थंडी आहे," शेवटी ऑर्विल म्हणाला.

"आहे. पण गेल्या आठवड्याइतकी नाही."

"नाही, तितकी नाही."

"वारा नसला की बरं."

"वाऱ्यानंच होतं सगळं."

इतक्यात फाशीवाला आला. मग फाशीविरोधी बाई आली. मग प्रार्थनावाले, पवनचक्कीवाले, बंदुकवाला. तिघांच्या खोपीत नऊ जण कोंबून बसले आणि नवाच्या नऊ जणांनी वारा या विषयावर पूर्ण सहमती दाखवली. कट्ट्यावर ज्यांनी एकमेकांना देशाबाहेर हाकलायची भाषा केली होती, ते इथे "तुमचं कोपर लागलं का हो मला? नाही नाही, माझंच चुकलं" करत होते. डब्यात शेवटची वडी उरली. शेवटची वडी उचलणं म्हणजे आमच्याकडे दरोडाच. फाशीवाल्यानं तिचा अर्धा भाग घेतला, विरोधी बाईनं उरलेल्याचा अर्धा, बंदुकवाल्यानं त्याचा अर्धा. शेवटी डब्यात इतकुसा चुरा उरला, मुंगीसुद्धा 'नको नको' म्हणाली असती. तो मात्र कुणीच उचलला नाही.

बाहेर वेगळंच नाटक सुरू झालं होतं. गोठलेल्या तळ्यावर एका खोपीभोवती आठ-नऊ पिकअप उभ्या दिसल्या की लांबून बघणाऱ्याला एकच गोष्ट कळते: तिथे मासे तुटून पडलेत! पूर्व किनाऱ्यावरून एक पिकअप आली. तिला बघून दोन आल्या. त्या तिघींना बघून शेजारचा अख्खा तालुका आला. ऑर्विलनं पडदा सरकवला तर दक्षिण किनाऱ्यावर जत्रा भरलेली. सगळीकडे गिरमिटं घरघरत होती, बर्फाची चाळण झाली होती.

"काय लागतंय रे इथे?" कुणीतरी ओरडलं.

"माहीत नाही! पण फारच लागतंय म्हणे!"

आणि एवढी गर्दी जमली म्हटल्यावर चर्चचं स्वयंपाकघर कसं मागे राहील? घसरगाडीवर हॉटडिशची (खाली खिमा आणि वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे) भलीमोठी भांडी लादून पास्टरबाई क्रिस्टीन तळ्यावर उतरल्या. भांडी वाहायला चर्चच्या बायका. सगळ्यात पुढे, डोक्याला लाल टोपी, मार्लिस.

तिनं खोपीचं दार उघडलं.

"ऑर्विल?" ती म्हणाली. "हे काय?"

नऊ जणांनी एकदम श्वास आत घेतला आणि खोपी किंचित रुंदावली. ऑर्विलनं खिडकीच्या पडद्याला हात लावला, जणू शेवटचा.

"मासे," तो म्हणाला.

"मासे," फाशीवाला आणि विरोधी बाई एका सुरात म्हणाले. आयुष्यात प्रथमच.

"अस्सं. आणि तुम्हीही मासेच?" मार्लिसनं वेंडेलला विचारलं.

आता एखाद्यानं स्वतःचं नाव सत्यहातोडा ठेवलं म्हणजे त्यानं ते इतकं मनावर घ्यायला हवं का? वेंडेलनं घेतलं होतं. "मी हिमसिंहाला भेटायला आलो," तो बारीक आवाजात म्हणाला. "बुधवारी देवावरून आमचं जरासं झालं."

"जरासं काय झालं?"

"ते मला म्हणाले की माझ्या कवटीत गाढवाचा मेंदू उलटा बसवलाय. फार प्रेमळ आहेत हो तुमचे मिस्टर. कॉफीला बोलावलं त्यांनी."

मार्लिसनं ऑर्विलकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "हं. वेगळंच आहे."

बाहेर एका बाईच्या हातून पळी पडली. 'वेगळंच आहे' यापेक्षा जहाल वाक्य आमच्या भागात नाही. ते ऐकून माणसं गाव सोडून गेलीत.

"मार्लिस, अगं, माझं ऐक तरी..."

"मी काय म्हटलं होतं तुला?"

"खोपी..."

"खोपी." ती वळली. गर्दीत ड्वेन उभा होताच. त्याच्या हातात जाड दोर होता, खोप्या ओढायला लागतो तसला. बिचाऱ्याला वासच लागला असावा. "ड्वेन, इकडे ये."

"हे तर कट्ट्यावरचे मुक्त गरुड!" वेंडेल आनंदानं म्हणाला. "यांच्या कालच्या फोटोत हीच टोपी होती. यांच्या शिव्या हिमसिंहापेक्षाही सुरेख असतात!"

ड्वेननं टोपी काढून पाठीमागे धरली. मार्लिसनं त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. नुसतं पाहिलं.

"ड्वेन," ती शांतपणे म्हणाली, "ही खोपी तू घे."

"छे छे, मार्लिस! एवढी मोठी वस्तू?" ड्वेन म्हणाला. पहिला नकार. रीतसर.

"घे रे. शेगडी आहे, पडदा आहे."

"नको गं, मला कशाला? ऑर्विलला वाईट वाटेल." दुसरा नकार. रीतसर. आणि बोलता बोलता त्यानं दोराला फास मारायला घेतला.

गिरमिटं थांबली. पास्टरबाईंनी डोळे मिटले. ऑर्विल शेगडीकडे बघत होता, तिचा प्रत्येक पत्रा त्यानं स्वतः ठोकलेला. ड्वेननं 'बरं, तू एवढं म्हणतेसच तर' म्हणायला तोंड उघडून तयार ठेवलं होतं.

मार्लिसनं हातमोजे घातले.

"बरं," ती म्हणाली. "नको तर नको."

ड्वेनचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"मी शब्द दिला होता, देऊ केली," मार्लिस सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तो नको म्हणाला. दोनदा. तुम्ही सगळे साक्षीला आहात. ऑर्विल, ती हॉटडिशची भांडी संपली की तूच घासायचीस. सगळी. चला, कोण जेवणार आहे?"

आणि ती पळी उचलून वाढायला लागली. रांग लागली खरी, पण वातावरण सुतकी होतं. दोनवर थांबली! आमच्या तालुक्यात असं कधी घडलं नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ ताट तसंच ठेवून घरी निघून गेले. ड्वेन दोराची गुंडाळी करत होता आणि पुटपुटत होता, "एकदा. फक्त एकदा अजून विचारायचं होतं."

रविवारी जेवणानंतर ऑर्विल स्वयंपाकघरात भांडी घासत होता. घासून घासून हातांची सालं निघाली होती. मार्लिस टेबलाशी त्याचा फोन घेऊन बसली होती. जप्त केलेला.

"ऑर्विल," ती म्हणाली, "हा कट्टा उघडतो कसा?"

त्यानं ओल्या हातानं उघडून दिला. कट्ट्यावर आग लागली होती. फाशी, देव, बंदुका, सगळं बाजूला पडून एकच विषय चालू होता: दोन आग्रहांवर थांबणं पाप आहे की नाही. आणि सगळे एका बाजूला! सत्यहातोडा म्हणत होता की देव नसला तरी हे पाप आहे. प्रार्थनावाले त्याला दुजोरा देत होते. मुक्त गरुडाच्या तर मजकुराला खंडच नव्हता.

मार्लिसचे कान लाल झाले. "हा कोण? मला 'संस्कृतीची मारेकरी' म्हणतो?"

ऑर्विलनं वाकून पाहिलं. "शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यातला आहे."

"तरीच!" तिनं फोन त्याच्या हातात कोंबला आणि शेजारची खुर्ची ओढली. "पूस हात. बस. लिही."

"अगं, पण माझा रक्तदाब..."

"तुझा राहू दे, माझा चढलाय. लिही: मूर्ख माणसा."

"मार्लिस!"

"मूर्ख माणसा," मार्लिसनं परत सांगितलं, आणि ऑर्विलचा अंगठा कित्येक महिन्यांनी अगदी मोकळेपणी, घरच्या उजेडात, चालू लागला. ती सांगत होती, तो लिहीत होता. मध्येच ती त्याच्या कपात कॉफी ओतत होती. पहिल्या तीन मुद्द्यांत विस्कॉन्सिनवाला झोपला. चौथा मुद्दा मात्र त्यानं काढला, आणि तो जरा अवघड निघाला.

"काय लिहू आता?" ऑर्विलनं विचारलं.

मार्लिसनं थोडा विचार केला. "लिही, असो. कॉफीला या."

"आणि नको म्हणाला तर?"

"परत बोलव."

"आणि मग?"

"मग काय?" मार्लिस म्हणाली. "दोनदाच."