मेलेल्या गाडीचा हॉर्न

आमच्या आळीत किसनतात्यांना बसलेलं कुणीही पाहिलेलं नाही. म्हणजे त्यांच्या गाडीबाहेर पाहिलेलं नाही. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, लग्नाच्या पंगतीत 'वाढाया लागतो' म्हणून उभे. मयताला गेले तरी बाकीचे ओट्यावर टेकलेले आणि तात्या आपले दाराच्या चौकटीला हात लावून उभे, कधी उचलताय असा चेहरा करून. खुर्ची पुढं केली तर तिच्या पाठीला धरून उभे राहतात. "बसायचं काय, निघायचंच हाय," हे त्यांचं पालुपद. निघायचं कुठंच नसतं.

उभ्या माणसासमोर बसून चहा पिऊन बघा. दोन घोट जात नाहीत. तात्या सकाळी आमच्याकडं डोकावून गेले की आमच्या हिची कुकरची शिट्टी चुकते आणि मी शाळेत लवकर पोचतो. भोरला येऊन एवढी वर्षं झाली, पण या माणसानं मला एक दिवस निवांत बसू दिलं असेल तर शपथ.

तात्या भोर डेपोत एसटीवर ड्रायव्हर होते. "जलमभर बसून खाल्लं, आता उभ्यानं फेडतोय," असं स्वतःच सांगतात. लग्न केलं नाही. का केलं नाही विचारलं तर म्हणतात, "ड्यूटी लागली व्हती." रिटायर झाल्यावर त्यांनी एक जुनी छोटी मोटार घेतली. तिचा रंग कधीकाळी पांढरा होता असं आरसी बुकात लिहिलेलं होतं. त्या गाडीत मात्र तात्या बसायचे, आणि काय बसायचे! सिंहासनावर राजा बसावा तसे, पाठ ताठ, दोन्ही हात चाकावर. दर रविवारी सकाळी ते त्या गाडीतून वेल्ह्याच्या पुढं पासलीला जायचे. तिथं त्यांची थोरली बहीण, आक्का, शेजारणीच्या आधारानं शेळ्या आणि भाताचं एक खाचर सांभाळून एकटी राहते. आई लवकर गेली, तेव्हा तात्यांना वाढवलं ते हिनंच.

निघण्याआधी हॉर्नची चाचणी व्हायची. एक लांब, दोन तोकडे. सर्दी झालेल्या रेड्यानं हंबरावं तसा तो आवाज. सारी आळी रविवारची झोप सोडून उठून बसायची. मी एकदा म्हटलं, "तात्या, हॉर्न बदला की." त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना नाव बदलायला सांगितलं होतं.

आणि ती गाडी मेली. कशी मेली ऐका. ज्या माणसानं सगळ्या नोकरीत घाटातून एसटी नेली-आणली आणि साधा ओरखडा पडू दिला नाही, त्याची गाडी उभ्या जागी मेली. वेल्ह्यात चहाच्या टपरीपाशी तात्यांनी ती उंबराखाली लावली, खाली उतरले, सवयीनं उभ्यानंच चहा घेतला, आणि वावटळ सुटून उंबराची भलीमोठी फांदी गाडीच्या टपावर आली. टप सीटला टेकला. "उभा व्हतो म्हनून वाचलो, मास्तर," तात्या मला सांगत होते, "आन तुमी म्हंता बसा."

गाडी टेम्पोवर घालून शिवऱ्याला हायवेवरच्या गॅरेजात आणली. विम्याचं ऑनलाइन प्रकरण माझ्या गळ्यात पडलं, कारण मी मास्तर, आणि मास्तराला सगळं येतं असा आळीचा समज आहे. पण तात्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, "हे आक्काला कळाया नगं."

कारण असं. तात्यांनी गाडी घेतली तेव्हा आक्कानं त्यांचा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला होता. "गाडीला कायबी झालं तर त्या दिशी ही वाट तुला बंद. मला भाऊ पायजे, त्याची हाडं नगं." आणि तात्या शब्दाचे पक्के. आक्काला कळलं असतं तर तिनं 'येऊ नको' म्हटलं असतं, आणि हा माणूस खरंच गेला नसता. तेव्हा तिला कळायच्या आत विम्याचे पैसे यायला हवेत, त्यातून दुसरी गाडी घ्यायला हवी, आणि काही झालंच नाही अशा थाटात रविवारी पासलीत हजर व्हायला हवं. एवढा सरळ बेत.

तोवर एसटीनं जा म्हटलं, तर तेही जमेना. दुसऱ्यानं चालवलेल्या गाडीत तात्यांचा जीव राहत नाही. एकदा गेले, तर वाटेत उतरून परत आले. म्हणाले, "त्यो क्लच दाबतोय का भाकर थापतोय तेच कळंना." मग फोनवर थापा सुरू झाल्या. पासलीतल्या शेजारणीच्या मोबाईलवर आक्का यायची आणि तात्या आमच्या अंगणात येरझाऱ्या घालत ओरडायचे, "सर्व्हिसिंगला टाकलीया!" पुढच्या रविवारी पुन्हा, "सर्व्हिसिंग चालू हाय!" शेवटी पलीकडून आक्का म्हणाली, "गाडी धुत्यात का बाळंतपण करत्यात तिचं?" तो फोन संपल्यावर तात्यांनी आमच्या तुळशीला इतक्या प्रदक्षिणा घातल्या की हिनं त्यांना हळदीकुंकवाचं तबक द्यायचं तेवढं बाकी ठेवलं.

विम्याचा सर्व्हेअर आला. तरुण, बूट लखलखीत, शिवऱ्याच्या चिखलात पाय कुठं ठेवावा या विवंचनेत. त्यानं गाडीभोवती फिरून फोटो काढले आणि म्हणाला, "काका, टोटल लॉस. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतोय. कंपनी तुम्हाला विम्याची रक्कम देईल आणि गाडी भंगारवाला नेईल."

"म्हंजे मेली म्हना की."

"कागदोपत्री तसंच."

तात्यांनी मान डोलावली. मग एकदम म्हणाले, "हार्न तेवढा म्या काढून घेतो."

सर्व्हेअर हसला. "नाही काका. फोटोत जे आहे ते सगळं जागेवर पाहिजे. भंगारवाल्यानं तशी बोली लावलेली असते."

शहाण्या माणसानं इथं विषय सोडला असता. तात्यांनी तो सोडला, असं मलाही वाटलं. पण भंगारवाला गाडी न्यायला आला, तेव्हा पुढच्या जाळीमागं नुसत्या दोन वायरी लोंबत होत्या. त्यानं कंपनीला फोन लावला, कंपनीनं क्लेम थांबवला. 'पार्ट मिसिंग.' मी तात्यांच्या घरी जाऊन खूप बोललो. चारशे ठिकाणी अंगठे आणि सह्या करून इथवर आणलं, तिकडं आक्का वाट बघतेय, आणि तुम्ही एका रेड्याच्या आवाजासाठी सगळं बुडवताय! तात्या खिडकीपाशी उभे राहून ऐकत होते. हॉर्न जुन्या धोतरात गुंडाळून फडताळात ठेवलेला मला दिसत होता. "बोलून झालं का?" ते म्हणाले. "चला, निघायचंच हाय."

या खेपेला खरंच निघायचं होतं. पुण्याच्या ऑफिसात बोलावलं होतं, आणि क्लेमपायी तात्या एसटीत ड्रायव्हरच्या मागं उभ्यानं, दात-ओठ खात आले.

त्या ऑफिसात चांगल्या गादीच्या खुर्च्या होत्या, थंडगार हवा होती आणि भिंतीवर नंबर लागत होता. सगळे बसलेले. तात्या काउंटरसमोर उभे. थोड्या वेळानं एका बाईंना वाटलं की रांग सुरू झाली, त्या येऊन तात्यांच्या मागं उभ्या राहिल्या. मग एक गृहस्थ उठले. बघता बघता दारापर्यंत रांग. वॉचमन हात जोडून म्हणाला, "काका, तुम्ही बसा हो, म्हणजे हे सगळे बसतील." तात्या म्हणाले, "बसू द्या की त्यांना. म्या कुनाला उठवलंय?"

शेवटी मॅडमनी वैतागून आम्हाला आधी आत घेतलं. मॅडम भल्या होत्या. म्हणाल्या, "काका, एका हॉर्नपायी एवढा क्लेम अडकवून घेताय?"

तात्यांनी खुर्चीच्या पाठीला धरलं. "मॅडम, बैल इकला तरी दावं कुनी देत न्हाई. घेनाऱ्यानं आपलं दावं घिऊन यायचं आन आपल्या दाव्यानं बैल न्यायचा. आपलं दावं आपल्या गोठ्यात ऱ्हातंय. ते गेलं तर गोठ्याची बरकत गेली."

"पण काका, हा हॉर्न आहे."

"मंग? मोटारीला दावं आसतंय व्हय? जे आसतंय ते ठिवलं."

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. आमच्या भागात जनावराच्या बाजारात दावं देत नाहीत हे खरं. पण ही रीत विम्याच्या ऑफिसात मांडणारा पहिला माणूस माझ्या शेजारी उभा होता, आणि लाजेनं मला घाम फुटला होता.

"हे बघा, भंगारवाल्याला हॉर्न जागेवर पाहिजे. मी यापलीकडं काही करू शकत नाही," मॅडम म्हणाल्या.

तात्यांचे डोळे बारीक झाले. "हार्न पायजे, का त्योच हार्न पायजे?"

मॅडमनी भंगारवाल्याला फोन लावला. चालता हॉर्न असला की झालं, तो म्हणाला. आणि म्हणून, वाचकहो, शिवऱ्याच्या त्या गॅरेजात एका मेलेल्या गाडीला नवाकोरा हॉर्न बसवला गेला. टप बसलेला, काचा गेलेल्या, दारं वाकलेली, आणि पुढं झगझगीत लाल हॉर्न. सर्व्हेअर पुन्हा फोटो काढायला आला तेव्हा तात्यांनी बॅटरीला वायर लावून तो वाजवून दाखवला. हायवेवरचा एक ट्रक दचकून बाजूला झाला. "दावं घेनाऱ्यानं आनायचं आसतं," तात्या भंगारवाल्याला म्हणाले, "तरीबी तुला नवं दिलंय. सांभाळ."

पैसे आले. तात्यांनी भोरातच एक वापरलेली गाडी घेतली, निळी. तिच्यावर नारळ फोडायच्या आधी जुना हॉर्न बसवला. आणि रविवारी सकाळी आळी पुन्हा उठून बसली.

"मास्तर, चला," तात्या दारात उभे. "शेजारी परका मानूस आसलं तर आक्का जास्त इचारायची न्हाई."

असा मी परका माणूस होऊन निघालो. गाडी चालवताना तात्या एरवीइतके निवांत नव्हते. उंबराची ती टपरी गेली, वेल्हे मागं पडलं, चढ लागला. पासलीच्या खालच्या वळणावर त्यांनी गाडी थांबवली. वर झाडीत कौलं दिसत होती.

"आक्काला डोळ्यानं दिसत न्हाई, मास्तर," ते समोर बघत म्हणाले. "लई दिस झालं. हितं हार्न वाजिवला की तिला कळतं, किसना आला. मंग ती तवा ठिवती. म्या दारात जाईस्तवर पैली भाकर फुगल्याली आसती. आता दुसराच हार्न वाजला, तर तिनं काय समजायचं? कोन आलं म्हनून तवा ठिवायचा?"

पुण्याच्या ऑफिसात, शिवऱ्यात, माझ्या बोलण्यासमोर, कुठंच त्यांनी हे सांगितलं नव्हतं. सगळीकडं दाव्याची गोष्ट सांगत राहिले.

तात्यांनी तळहात विजारीला पुसला आणि हॉर्न दाबला. एक लांब, दोन तोकडे. दरीतून तो आवाज फिरून आला. थोड्या वेळानं कौलांतून धूर निघाला. तात्यांनी खाकरून गाडी वर घेतली.

आक्का दारात उभी होती, हाताला पीठ. वाळकी, ताठ, तात्यांसारखीच. आम्ही उतरलो. मी नमस्कार केला, तात्यांनी मोठ्यानं सांगितलं, "आमच्या आळीतलं मास्तर हायत." तिनं मान हलवली, पण कान गाडीकडं होता.

"हार्न त्योच हाय," ती म्हणाली. "गाडी ती न्हवं."

तात्यांचा चेहरा बघवेना. जन्मभर इंजिनाच्या आवाजावर जगलेला माणूस, आणि त्याच्या डोक्यात फक्त हॉर्न आला. इंजिनही ऐकू येतं, हे या ड्रायव्हरला सुचलं नाही!

आक्का अंदाजानं पुढं आली आणि तिनं बॉनेटवर हात ठेवला. निळ्या पत्र्यावर पिठाची पाच बोटं उमटली.

"गेली व्हय रं ती?"

"व्हय."

"तवा तू कुठं व्हतास?"

"भायेर. च्या पीत उभा व्हतो."

आक्कानं हात बॉनेटवरून पुढच्या जाळीपर्यंत फिरवत नेला. मला वाटलं, आता ती 'ही वाट तुला बंद' म्हणणार. मला खरंच भीती वाटली. तात्यांनी तर डोळे मिटले होते.

"जनावर गेलं," आक्का म्हणाली, "पर दावं ठिवलंस. ब्येस केलंस."

"आक्के, ती शपत..."

"कसली शपत? भाकर करपंल तिकडं. बस."

तात्या ओसरीवर आले. सवयीनं त्यांचा हात खांबाकडं गेला. मग त्यांनी खांब सोडला आणि सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून, शाळेतल्या पोरासारखे, भिंतीला पाठ टेकून बसले. आक्कानं पहिली भाकरी त्यांच्या पुढ्यात टाकली. मीही शेजारी बसलो. दुपार कलली तरी निघायचं कुणीच म्हणालं नाही.