दौलत गुरुजींचं एकोणिसावं कलम

दौलत गुरुजींना कुणी ‘जरा सरका’ म्हटलं, की ते आधी विचारायचे, “कोणत्या कलमाखाली?”

एस.टी.च्या बाकावर, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर सलाईन लावायला आलेल्या नर्सलासुद्धा. वरठीच्या शाळेत त्यांचा वर्ग माझ्या वर्गाला लागून आणि घर माझ्या घराला लागून. त्यामुळे राज्यघटना मला दिवसभर कुठल्या ना कुठल्या भिंतीतून ऐकू यायची. मी थकून जायचो. देश स्वतंत्र झाला ते बरंच झालं, पण माणसाला जेवताना तरी ते विसरू द्यावं, असं माझं मत होतं.

पोरांनी खोडी केली की आम्ही छडी उचलायचो. गुरुजी सुनावणी घ्यायचे. “दोन्ही बाजू आयकल्याबिगर शिक्षा नाही!” एका पेरूच्या चोरीची सुनावणी शाळा सुटेपर्यंत चालली, तोवर साक्षीदारांनी पेरू खाऊन टाकला होता.

रेशनच्या दुकानात तेच. सरपंचांचा गडी डबा घेऊन रांग सोडून थेट पुढे गेला, तसे गुरुजी गरजले, “कलम चौदा! कायद्यापुढं सारे सारखे!” भांडण इतकं पेटलं की दुकानदारानं वैतागून दुकानच बंद केलं. समानता आली, रॉकेल कोणालाच मिळालं नाही. “गुरुजी, आता तुमचं कलमच घाला कंदिलात,” बाया म्हणाल्या. मीही रिकामा डबा घेऊन गुरुजींसोबत घरी आलो.

स्टँडवरच्या हॉटेलात ते नेहमी अगदी पुढच्या बाकावर बसत. चहानं त्यांना पित्त व्हायचं, तरी रोज एक कप घेणारच. त्यांचे वडील त्याच हॉटेलाबाहेर उकिडवे बसून, घरून आणलेल्या वाटीत चहा घ्यायचे. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच पित्ताची गोळी मागितली.

सगळ्या कलमांत त्यांचं लाडकं एकोणिसावं. बोलायचा, फिरायचा, देशात कुठंही राहायचा हक्क. ते म्हणताना गुरुजी उभे राहायचे. आणीबाणी लागली तेव्हा मात्र हॉटेलात ते गुपचूप बसून होते. मालकानं विचारलं, “गुरुजी, आज कलम नाही का जी?”

“एकोणिसावं सुट्टीवर हाये बाप्पा,” ते हळूच म्हणाले. “शिवाशिव बंदीचं सतरावं जागेवर हाये. म्हणून बसलो.”

आणीबाणी उठली, एकोणिसावं पुन्हा कामावर रुजू झालं, आणि आम्ही पुन्हा वैतागलो.

त्यांची एकुलती एक मुलगी सुजाता. नागपूरला नर्सिंग शिकली आणि नोकरी लागली ती थेट रत्नागिरीला. त्या संध्याकाळी वहिनींनी मला भिंतीपलीकडून हाक मारून बोलावून घेतलं. “सांगा जी तुम्ही तरी इले. भंडाऱ्यात का दवाखाने नाहीत? एवढ्या दूर कायले जाते?”

मी गुरुजींकडे पाहिलं. ते खाली बघून म्हणाले, “तुझी माय बरोबर म्हणते पोरी. पोरीच्या जातीनं...” आणि थांबले. आपल्या तोंडून काय निघालं ते त्यांनाच ऐकू आलं असावं.

सुजाता रागावली नाही. एवढंच म्हणाली, “बाबा, एकोणिसावं सांगा बरं एकदा.”

गुरुजी सवयीनं उभे राहिले. “बोलायचा हक्क. फिरायचा हक्क. देशात कुठंही...” आणि अडकले. कलम विसरलेले गुरुजी मी पहिल्यांदाच पाहिले.

“राहायचा,” चुलीपुढून वहिनी चिडून म्हणाल्या. लग्न झाल्यापासून ऐकत होत्या बिचाऱ्या.

“हो. राहायचा,” गुरुजी म्हणाले. “जाय. तुले हक्क हाये.”

सुजाता गेली. त्यानंतर शाळेत सुनावण्या कमी झाल्या, रांगेत कुणीही घुसू लागलं. मला बरं वाटायला हवं होतं, पण भिंतीपलीकडची ती शांतता मला खायला उठायची.

एकदा शाळा सुटल्यावर पाहुण्यांना सोडायला स्टेशनवर गेलो, तर फलाटावरच्या बाकावर गुरुजी एकटेच. सुजाता दिवाळीआधी येणार नव्हती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

“गुरुजी, इथं काहून?”

“फिरून राहिलो,” ते म्हणाले. “देशात कुठंही फिरता येते ना.”

पाहुण्यांची गाडी गेली. मी परत बाकापाशी आलो, तरी ते तिथंच. पोर्टरला विचारलं, तर म्हणाला, रोजच येतात, नागपूरकडून येणाऱ्या गाडीतली माणसं उतरून गेली की सायकल घेऊन जातात.

मी म्हटलं, “जरा सरका.”

ते सरकले. काही विचारलं नाही. मला ते सोसवेना. “कलम इचारा ना जी, गुरुजी.”

“उद्या इचारतो,” रुळांवरची नजर न काढता ते म्हणाले. “गाडी येऊन राहिली.”