आमेन झालं की गाडी हलली पाहिजे

“आजवर माझ्या हातून एकही विद्यार्थी मागे राहिलेला नाही,” असं टोपीसर दर वर्षी छाती फुगवून सांगत. आणि खरं सांगायचं तर ते खोटं नव्हतं.

एका ख्रिस्ती विद्यापीठाच्या परदेश-अभ्यास विभागाचे ते प्रमुख. दर सत्राला मुलांची एक तुकडी दूरदेशी शिकायला धाडायची, हे त्यांचं काम. ते स्वतः कधी विमानात बसले नव्हते. पण पोहता न येणारा माणूस जसा काठावरून जास्त ओरडतो, तसं त्यांचं मार्गदर्शन चाले. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक विद्यार्थ्याला एक भडक पिवळी टोपी. “मुलं मोजायची नाहीत, टोप्या मोजायच्या! मूल हलतं, टोपी दिसते!” म्हणून तर नाव पडलं टोपीसर.

या खेपेला मात्र त्यांची झोप उडाली होती, कारण तुकडीत त्यांची स्वतःची लेक होती. दुसऱ्यांच्या आईबापांना ते वर्षानुवर्षं सांगत आले, “पाठवा हो! पिल्लं उडायलाच असतात!” पण स्वतःचं पिल्लू उडायला निघालं, तेव्हा सलग दोन वर्षं त्यांनी तिचा अर्ज ड्रॉवरमध्ये दाबून ठेवला. “तुला बाजारातून घरी यायचा रस्ता सापडत नाही, परदेशात काय करशील?” तिसऱ्या वर्षी ती म्हणाली, “पप्पा, या वेळी नाही पाठवलंत तर मी पुन्हा विचारणार नाही.” हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की सरांनी घाबरून सही केली.

आता अडचण एकच होती. पाळकसाहेब.

तुकडी निघण्याआधी विद्यापीठाच्या चॅपलचे हे धर्मगुरू प्रार्थना करत. माणूस देवासारखा, पण प्रार्थना संपायची नाही. प्रवाशांसाठी करत, वैमानिकासाठी करत, वैमानिकाच्या सासरच्या मंडळींसाठीही करत. मागल्या वर्षी विमान सुटता सुटता राहिलं होतं आणि कुलगुरू म्हणाले होते, “पुन्हा असं झालं, तर हा विभाग बंद.”

म्हणून सरांनी नामी युक्ती काढली. मुलांनी विमानतळावर नेणाऱ्या बसगाडीत आधीच बसायचं, बाहेर चॅपलच्या भोंग्यावर प्रार्थना व्हायची. नव्या ड्रायव्हरला त्यांनी बजावलं, “आमेन झालं की गाडी हलली पाहिजे! मग साक्षात मी जरी थांब म्हटलं, तरी थांबायचं नाही!”

“आमेन म्हणजे गाडी. कळलं,” ड्रायव्हर म्हणाला. तो दिल्या शब्दाला जागणारा होता, हेच पुढे नडलं.

सर मागच्या बाजूला बॅगांच्या कप्प्याला कुलूप लावत होते, तेवढ्यात पाळकसाहेबांनी मुलांना खाली बोलावलं. “गाडीत बसून कसली प्रार्थना? या रे, हिरवळीवर गुडघे टेका.” मुलं आपल्या टोप्या जागेवर ठेवून उतरली. रिकामी गाडी बघून निरोप द्यायला आलेले आईबाप आत शिरले. कुणी सीट पुसली, कुणी खिडकी उघडते का ते पाहिलं. एक आई म्हणाली, “चला, मुलांच्या टोप्या घालून एक फोटो काढू या!” झालं! सगळ्यांनी टोप्या चढवल्या, आणि फोटो निघण्याआधीच भोंगा घुमला, “आमच्या स्वर्गीय पित्या...”

आता या माणसांची एक सवय सांगायला हवी. प्रार्थना सुरू झाली की जो जिथे असेल तिथेच थांबतो. मान खाली, डोळे बंद, आणि शेवटच्या आमेनपर्यंत आभाळ कोसळलं तरी डोळा उघडायचा नाही. गाडीतल्यांनी तेच केलं.

सर पुढच्या दाराने चढले. मागे नजर टाकली. खाली झुकलेल्या पिवळ्या टोप्या, रांगेत, शिस्तीत. मोजल्या. बरोबर भरल्या! समाधानाने ते पुढच्या सीटवर बसले, मोबाइल बंद केला आणि त्यांनीही डोळे मिटले.

पाळकसाहेबांनी सुरुवातच ड्रायव्हरपासून केली. त्याचे हात, त्याचे डोळे, त्याचे ब्रेक, सगळं देवाच्या स्वाधीन केलं आणि तो भाग संपवून म्हणाले, “आमेन.” ती फक्त प्रस्तावना होती. पण ड्रायव्हरने गिअर टाकला.

गाडी फाटकाबाहेर पडली तसा भोंग्याचा आवाज विरला. आणि मागच्या सीटवरून एक खणखणीत आवाज आला, “आणि हे प्रभू...”

हा आवाज सर लग्नाच्या बोलण्यांपासून ओळखत होते. सासूबाई! नातीला निरोप द्यायला आलेल्या सासूबाई गाडीत कशा? पण विचारणार कोण? अर्धी प्रार्थना सोडायची नसते, म्हणून सासूबाईंनी पाळकसाहेबांचा धागा पकडला होता. त्यांना मधे तोडायची हिंमत सरांनी संसारात कधी केली नव्हती, तिथे देवासमोर काय करणार?

शेवटचं आमेन झालं तेव्हा गाडी महामार्गाला लागली होती. टोप्या वर झाल्या. टोप्यांखाली मिश्या होत्या. चष्मे होते. एक टक्कल होतं.

“सर,” टक्कल नम्रपणे म्हणालं, “आम्हीपण जायचंय का?”

त्याच वेळी त्या गृहस्थांचा मोबाइल वाजला. “तुमच्या मुलीचा आहे, सर.”

“पप्पा, आम्ही हिरवळीवर आहोत.”

“हलू नका! मी येतोय!”

“येऊ नका! पासपोर्ट आमच्या गळ्यात आहेत. तुम्ही बॅगा घेऊन पुढे जा, आम्ही पोचतो तिथे.”

“तुला रस्ता माहीत नाही!” असं म्हणून सरांनी फोन कापला आणि गाडी वळवायला लावली.

थोड्या वेळाने दुभाजकाच्या पलीकडून दोन वाहनं उलट दिशेने सुसाट गेली. पुढे गायकवृंदाची व्हॅन, मागे कॅन्टीनची भाजी आणायची गाडी. भाजीच्या गाडीत मुलं दाटीवाटीने उभी राहून हात हलवत होती. व्हॅन पाळकसाहेब चालवत होते. त्यांचे डोळे उघडे होते, हाच काय तो दिलासा.

फोन पुन्हा वाजला. “पप्पा, आता कृपा करून फक्त सरळ जा. म्हणजे, आधी वळा. मग सरळ.”

या वेळी सरांनी ऐकलं.

गाडी विमानतळावर धापा टाकत पोचली, तेव्हा फुटपाथच्या कडेला ढकलगाड्यांची रांग तयार होती. लेकीने मुलांच्या जोड्या लावल्या होत्या, आतल्या माणसाशी गोड बोलून सामान जमा करायची खिडकी थोडा वेळ उघडी ठेवून घेतली होती. बॅगा भराभर उतरल्या. सरांनी धावत टोप्या वाटल्या, मोजल्या. बरोबर! मग ती त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली.

सरांनी निरोपाचं भाषण पाठ केलं होतं. त्यात रस्ता ओलांडण्यापासून पावसाळी बुटांपर्यंत सगळं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. बाजारातून घरी न येऊ शकणारी पोर आख्ख्या तुकडीला भाजीच्या गाडीतून विमानतळावर घेऊन आली होती, आणि मागे राहण्याचं काम सरांनीच केलं होतं.

“जाऊ ना, पप्पा?”

“जा गं,” ते म्हणाले. “नीट राहा.”

“तुम्ही नीट जा. घरी पोचलात की कळवा.”

ती दिसेनाशी झाल्यावर सासूबाईंनी दारापाशीच हात जोडले आणि डोळे मिटले. “हे प्रभू, या लेकरांना...” सगळे थांबले. सरांना वाट बघणारे कुलगुरू डोळ्यांपुढे दिसू लागले. प्रार्थनेत लेकरं आत पोचवून झाल्यावर सासूबाई सामान उचलणाऱ्यांकडे वळल्या, तेव्हा सरांनी आयुष्यात पहिल्यांदा धाडस केलं. हळूच म्हणाले, “आमेन,” आणि मंडळींना गाडीत कोंबलं. ड्रायव्हरने गिअर टाकला.

विद्यापीठाच्या पायऱ्यांवर कुलगुरू उभे होते. शेजारी सरांची बायको.

“सर!” टोपीसर छाती फुगवून म्हणाले, “विमान वेळेवर सुटलं. एकही विद्यार्थी मागे राहिला नाही!”

कुलगुरूंनी पाठ थोपटली. “शाब्बास! हा विभाग असाच चालू द्या.”

बायको गाडीत वाकून बघत होती. पुढून मागपर्यंत एकदा, मागून पुढपर्यंत एकदा.

“अहो,” ती म्हणाली, “आई कुठे आहे?”

सरांनी मागे पाहिलं. परतीच्या प्रवासात कुणाच्याच डोक्यावर टोपी नव्हती, त्यामुळे मोजायला काही नव्हतं.

ड्रायव्हरने किल्ली परत लावली आणि दार उघडून धरलं.

“बसा, सर. पण या खेपेला आमेन कोण म्हणणार, ते आधी ठरवा.”