नमुन्याला प्रवेश नाही

सन एकोणीसशे छत्तीसच्या सुमारास विद्यापीठाच्या ध्यानात आले की, सरहद्दीवरच्या लोकांचा अभ्यास मुंबईत बसून करणे बरे दिसत नाही. म्हणून सरहद्दीजवळच्या खापर गावी समाजशास्त्र व मानववंशशास्त्राचे केंद्र निघाले. विद्यार्थी पुण्या-मुंबईचे आले. गावचा अर्ज एकच, मॅट्रिक झालेल्या नवलसिंग वळवीचा. पोराला शिकायचे होते, एवढाच त्याचा गुन्हा.

प्राध्यापकांनी त्याला प्रेमाने समजावले की, अभ्यास करणारा आणि ज्याचा अभ्यास करायचा तो एकच निघाला तर शास्त्र नासते. तू भिल्ल, म्हणजे तू विषय. विद्यार्थी कसा होशील? नमुन्याची जागा मात्र रिकामी होती. वर्गात शिरायला तर मिळेल, असा विचार करून नवलसिंग हो म्हणाला.

मग काय विचारता! विद्यार्थी बाकावर आणि नवलसिंग टेबलाशेजारी स्टुलावर. त्याचे नाक मोजले, कान मोजले, दातही सोडले नाहीत. त्याची आत्या रूपलीबाई होळीच्या नाचातून गोवाल नावाच्या तरुणाबरोबर कशी पळाली, मागाहून पंचांनी मोहाची दारू पीत देज, म्हणजे मुलाने मुलीच्या बापाला काय द्यायचे, ते कसे ठरवले, हे सारे खोदून खोदून काढले. एका विद्यार्थ्याने त्यावर प्रबंधच लिहिला. हे कळल्यावर आत्याने भाच्याशी बोलणे टाकले. त्यात तिचे काय चुकले?

वर्षअखेरीस नवाच घोटाळा झाला. व्याख्याने ऐकून ऐकून नवलसिंग प्रश्न विचारू लागला. 'नमुना शिक्षणाने दूषित झाला आहे' असा शेरा मारून त्याला स्टुलावरून उठवण्यात आले. शिपाई दोधू हळहळला, "भाऊ, आते तू ना विद्यार्थी शेस, ना नमुना."

नवलसिंगने नेमके तेच धरले. मी नमुना उरलो नाही असे आपणच ठरवलेत, तर आता विद्यार्थी म्हणून घ्या. प्रवेश समिती पेचात पडली आणि तिने अट घातली: एखाद्या परक्या समाजाचा जवळून अभ्यास करून दाखव, मग प्रवेश पक्का. परका समाज शोधायला नवलसिंगला लांब जावे लागले नाही. त्याने प्राध्यापकांच्याच परसात लाकडे फोडायचे काम धरले. घरात तेव्हा मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती.

त्या बोलण्यांवर नवलसिंगने लिहिलेला प्रबंध वाचून प्राध्यापकांनी तो टेबलावर आपटला. "घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडतोस? लाज नाही वाटत?"

"आत्याच्या सांगितल्या तेव्हा आपण शाबासकी दिली होती, सर."

"त्या चालीरीती होत्या. हा आमचा खाजगी मामला आहे."

प्रवेश नाकारला गेला. नवलसिंगचा प्रबंध प्राध्यापकांच्या बंबात गेला आणि रूपलीबाईवरचा पहिल्या वर्गात आला.

आता प्राध्यापकांच्या घरी काय काय बोलणी झाली, ते ऐकायला आपले कान टवकारले असतील. मला सगळे ठाऊक आहे, पण सांगणार नाही. सभ्य माणसाच्या घरात डोकावू नये. रूपलीबाईचे तेवढे सांगितले. तेव्हा आपल्यापैकी कोणी 'पुरे' म्हटले नाही.