तुरेरावांचं महाशिबिर आणि महाराणीच्या पापण्या

एका जंगलात, मुलांनो, आजारी प्राणी पुष्कळ होते आणि वैद्य मोजके होते. म्हणजे ते कुठेही असतं तसंच एक साधं जंगल होतं.

त्या जंगलात सगुणाक्का नावाची मुंगशी राहायची. सापाचं विष उतरवणं हे तिचं काम. ती आईकडून शिकली होती, आई आजीकडून. कुणाला साप चावला की पहिली हाक सगुणाक्काला जायची. ती धावत यायची, सूज कुठवर चढली ते दाबून बघायची आणि मुळी उगाळायला बसायची. दहातले आठ वाचायचे. उरलेल्या दोघांबद्दल इतर वैद्य म्हणत, "त्यांची वेळच भरली होती." सगुणाक्काला तसं म्हणवत नसे. तिला ते दोघेच आठवत राहायचे.

एके सकाळी एक भेकरीण आपल्या पोरीला घेऊन आली. पोरीचं पोट दुखत होतं आणि तिला भारी झोप येत होती. अंगावर सूज नाही, चाव्याची खूण नाही.

"अपचन आहे," सगुणाक्का म्हणाली. "निजू दे तिला."

पोरगी निजली. दुपारी तिचा श्वास थांबला.

सगुणाक्का दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी ती धोंडबा अस्वलाकडे गेली. धोंडबा मोडलेली हाडं बसवायचा. तिथे साळूबाई साळिंदरही बसली होती. ती बाळंतपणं करायची. अंगभर काटे असले तरी तिच्या हाताला लोण्याचा गुण होता.

"मी चुकले," सगुणाक्का म्हणाली.

दोघं खाली बघू लागले. जंगलात वैद्य असं बोलत नसत, मुलांनो. बोलले तर रुग्ण दुसरीकडे जातात.

"काय चुकलं ते सांग तरी," शेवटी साळूबाई म्हणाली.

सगुणाक्काने सगळं सांगितलं. साळूबाई तिच्याजवळ सरकली. मग म्हणाली, "माझी एक बाळंतीण अशीच गेली गं. मला वाटलं, थकलीय. डोळेच उघडेना."

"उघडेना, की उघडता येईनात?"

साळूबाई विचारात पडली. "ती मला ओळखत होती. हात दाबत होती माझा. पापण्याच उचलत नव्हत्या."

धोंडबाने कान खाजवला. "नदीपलीकडून नवा साप आलाय म्हणतात. काळा, पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा. चावला तरी कळत नाही, सूज येत नाही."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आधी पोट दुखतं, मग पापण्या गळतात, मग श्वास जातो. झोपाळू प्राण्याला दचकवलं तर तो डोळे उघडतो. विष भिनलेला उघडू शकत नाही. आणि विष उतरेपर्यंत त्याचा श्वास दुसऱ्याने घ्यायला हवा.

पुढच्याच महिन्यात असं एक माकड आलं. सगुणाक्काने मुळी पाजली, आणि धोंडबाने दिवसभर त्याच्या नाकात श्वास फुंकला. माकड वाचलं. जाताना धोंडबाचा मध चोरून गेलं, पण वाचलं.

तेव्हापासून दर बुधवारी तिघं जांभळाखाली जमू लागले. आपलं काय चुकलं ते ज्याने त्याने सांगायचं. कुणी हसायचं नाही, कुणी बाहेर बोलायचं नाही. हळूहळू बारा वैद्य येऊ लागले. ह्या प्रकाराला काय म्हणतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण गप्पा मारतो.

ही बातमी सिंहमहाराजांच्या कानावर गेली.

"वैद्य झाल्यावरही शिकतात?" महाराज चकित झाले. "उत्तम! ह्यांचा प्रमुख कोण?"

"कुणीच नाही, महाराज."

"एवढं चांगलं काम चाललंय आणि त्याला प्रमुख नाही? कसं चालेल?"

"चाललंय, महाराज," असं कुणीतरी म्हणालं, पण हळू.

महाराजांनी वैद्यांना बोलावणं धाडलं. सगुणाक्कापुढे चार रुग्ण होते. धोंडबाच्या हातात सांबराचा पाय होता. साळूबाईच्या हाती नुकतंच एक डोकं येत होतं. कुणालाच येता आलं नाही. आला तो तुरेराव हुप्प्या. हुप्प्या म्हणजे डोक्यावर तुरा असलेला तो देखणा पक्षी. तुरा योग्य वेळी उघडायचा आणि योग्य वेळी मिटायचा, ही विद्या तुरेरावांना जन्मजात होती. तेही स्वतःला वैद्य म्हणवत.

"तुमच्याकडे सध्या रुग्ण किती?" महाराजांनी विचारलं.

"एकही नाही, महाराज."

"वा! म्हणजे तुम्ही सगळ्यांना बरं केलंत!"

तुरेरावांनी तुरा उघडला. नाही म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. अशा रीतीने ते निरंतर वैद्यशिक्षण महामंडळाचे प्रमुख झाले.

पहिल्याच बुधवारी ते जांभळाखाली पाहणीला आले.

"इथे वक्ता कोण?"

"सगळेच," सगुणाक्का म्हणाली.

"मग श्रोते कोण?"

"तेही सगळेच."

"आणि शिकवता काय?"

"आपण कुठे चुकलो, ते सांगतो एकमेकांना."

तुरेरावांचा तुरा खटकन मिटला. "चुका? वैद्यांच्या? उघड्यावर? बाई, उद्या हे रुग्णांना कळलं तर?"

"रुग्णांना आधीच कळलेलं असतं," सगुणाक्का म्हणाली. "त्यांच्याच अंगावर झालेलं असतं ना."

तुरेरावांनी हे ऐकलं नाही. नेत्याला पुढचं बघायचं असतं. त्यांनी फर्मान काढलं. प्रत्येक वैद्याने वर्षाला सागाची तीस पानं मिळवायची. एका व्याख्यानाला एक पान. प्रत्येक पानावर तुरेरावांच्या चोचीचं भोक हवं. भोक नसेल तर तो नुसता पालापाचोळा. तीस पानं भरली नाहीत तर औषध देण्याची परवानगी बंद. जांभळाखालच्या गप्पांना पान नाही, कारण तिथे उद्घाटन होत नाही.

व्याख्यानं सुरू झाली. 'वैद्याची चाल', 'वैद्याचं स्मित', 'नेतृत्वाचे सात तुरे'. व्याख्याते बहुधा तुरेरावच असत. त्यांच्या वेळेला सोयीचा वार म्हणजे बुधवार. जांभळाखालचे बारा वैद्य आठ झाले, मग पाच झाले, मग फक्त सगुणाक्का आणि एक बहिरं कासव उरलं. कासवाला तिथली सावली आवडायची.

वर्ष संपत आलं. सगुणाक्काकडे चार पानं होती.

साळूबाई तिच्याकडे आली. "तीन दिवसांचं महाशिबिर आहे. एकदम तीस पानं देतायत. चल."

"आणि इथे कुणाला साप चावला तर?"

"परवानगी गेल्यावर चावला तर काय करशील?"

 सगुणाक्काने मुळ्यांची पिशवी खांद्याला लावली. निघताना ती कासवाला म्हणाली, "कुणी आलं तर मंडपाकडे पाठव." कासवाने मान हलवली. त्याला काय ऐकू आलं, देव जाणे.

मंडप मोठा होता. पाहुण्यांना झोपायला नदीपलीकडचं मऊ गवत कापून आणलं होतं. पहिल्या रांगेत महाराज आणि महाराणी बसले होते. महाराणींच्या शेजारी धोंडबा. त्याची पानं सर्वांत जास्त होती म्हणून त्याला तो मान मिळाला होता. सगुणाक्काला मागे, खांबाला टेकून जागा मिळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी महाराणी म्हणाल्या की रात्रीपासून पोटात कळा येतायत. तुरेराव म्हणाले, "मोठ्या सोहळ्यात असं होतंच, महाराणी. उत्साहाचा परिणाम." आणि त्यांनी व्याख्यान सुरू केलं. विषय होता 'सजग वैद्य'.

"सजगता म्हणजे काय?" तुरेरावांनी विचारलं, आणि तासभर स्वतःच उत्तर दिलं. हळूहळू मंडपातल्या एकेका श्रोत्याच्या पापण्या मिटू लागल्या. सांबरवैद्याच्या मिटल्या. साळूबाईच्या मिटल्या. महाराजांनी जांभई दिली आणि ती गर्जनेसारखी वाटू नये म्हणून पंजाने दाबली.

सगुणाक्कालाही डुलकी लागत होती. म्हणून ती इकडेतिकडे बघू लागली, आणि तिची नजर महाराणींवर गेली.

महाराणींची मान डुलत नव्हती. सगळ्यांच्या माना डुलत होत्या, एकट्या त्यांचीच नव्हती. त्या भुवया वर ओढत होत्या, खूप जोर लावून, आणि पापण्या उचलल्या जात नव्हत्या. ओठांच्या कडेने लाळ गळत होती.

सगुणाक्का ताडकन उभी राहिली. "महाराणींना साप चावलाय!"

"प्रश्न शेवटी," तुरेराव म्हणाले.

"हा प्रश्न नाही!"

"मग अभिप्राय. तोही शेवटीच."

सगुणाक्काच्या मनात आलं, आपण चुकलो असू तर? भर दरबारात महाराणींना साप चावला म्हणायचं, आणि त्या नुसत्याच पेंगत असतील तर? परवानगी जाईलच, मानही जाईल. मग तिला भेकरिणीची पोर आठवली, निजू दे म्हटल्यावर शहाण्यासारखी निजलेली.

ती रांगांवरून उड्या मारत पुढे आली आणि महाराणींच्या कानाशी ओरडली, "डोळे उघडा!"

महाराणींच्या भुवया कपाळात गेल्या. पापण्या जागच्या हलल्या नाहीत.

"धोंडबा!"

धोंडबा दचकून जागा झाला. त्याने एकदा महाराणींकडे पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. "अगं, मी इथेच बसलोय सकाळपासून…"

"ते नंतर बोलू. श्वास फुंक!"

सगुणाक्काने मुळी उगाळून पाजली. धोंडबाने महाराणींच्या नाकाला तोंड लावलं. तो दमला की सांबर, सांबर दमलं की रेडा. साळूबाई बाजूला बसून श्वास मोजत होती आणि कुणी घाई केली की एक काटा टोचत होती. दुपार गेली, संध्याकाळ झाली. कोपऱ्यातल्या गवतात पांढऱ्या पट्ट्यांचा साप सापडला, तेव्हा मंडप निम्मा रिकामा झाला. तुरेराव आधीच झाडावर जाऊन बसले होते. तिथून सगळ्यांवर नजर राहते.

सूर्य मावळता मावळता महाराणींनी स्वतःचा श्वास घेतला. मग हळूच एक डोळा उघडला, मग दुसरा.

"व्याख्यान संपलं का?" त्यांनी विचारलं.

महाराज रडले, मुलांनो. सिंह रडतो तेव्हा कुणी बघायचं नसतं, म्हणून सगळ्यांनी माना फिरवल्या. धोंडबा मात्र वेगळ्याच कारणासाठी रडत होता. "माझ्या खांद्याला खांदा लागला होता त्यांचा," तो सगुणाक्काला म्हणाला. "आणि मला वाटलं, मन लावून ऐकतायत." सगुणाक्काने त्याच्या पाठीवर हात ठेवला. 

मग चौकशी झाली. चौकशी तुरेरावांनीच केली, कारण त्या काळात त्यांनाच वेळ होता. अहवालात तीन गोष्टी होत्या. एक, महाराणी वाचल्या, आणि त्या शिबिरात वाचल्या, म्हणून शिबिर यशस्वी झालं. दोन, सगुणा मुंगशीने व्याख्यान अर्ध्यावर सोडल्यामुळे तिला तीस पानं देता येत नाहीत. तीन, पानं नसताना औषध दिल्याबद्दल तिला शिक्षा व्हायला हवी, पण महामंडळ उदार आहे.

"पण हिला बक्षीस द्यायला हवं," महाराज म्हणाले.

"देऊ की," तुरेराव म्हणाले. "हिचं हे पापणीचं ज्ञान आपण सर्व वैद्यांना शिकवू."

सगुणाक्काचा चेहरा खुलला. "मी शिकवते. कधी येऊ?"

"तुम्ही कशा शिकवाल? शिकवायला तीस पानं लागतात. मी शिकवीन. तुम्ही ऐकायला या, एक पान मिळेल."

सगुणाक्का गेली. तिला पान हवं होतं म्हणून गेली, आणि काय सांगतात ते ऐकायलाही गेली. मंडप भरलेला होता, महाराजही आले होते. झाल्या प्रकाराने घाबरून सगळे डोळे फाडून बसले होते.

"विष चढलं," तुरेराव तुरा उघडून म्हणाले, "की डावी पापणी गळते."

महाराणींना त्यांनी झाडावरून डाव्या बाजूनेच पाहिलं होतं.

मंडपभर नखं चालू लागली. प्रत्येक वैद्य आपल्या पानावर लिहीत होता, डावी पापणी. सगुणाक्काने ती अक्षरं उमटताना पाहिली. उद्या कुणाची तरी उजवीही पापणी गळालेली असेल, आणि हे म्हणतील, नाही, ही वेगळी झोप आहे.

"दोन्ही," ती बसल्या जागेवरून म्हणाली.

तुरेराव थांबले. "काय?"

"दोन्ही पापण्या गळतात. आणि दचकवून बघायचं. एकदा मी बघितलं नाही, माझ्याकडून एक पोर गेली."

भर मंडपात, राजासमोर, एक वैद्य असं म्हणाली.  मग धोंडबा उठला. "मीसुद्धा चुकलो," तो म्हणाला. "शेजारी बसून." त्याच्यामागे साळूबाई उठली, तिच्यामागे सांबर. एकेकाने आपापली चूक सांगितली. इकडे नखं पानांवर पुन्हा चालू लागली. सगळ्यांनी 'डावी' खोडलं आणि लिहिलं, दोन्ही.

तुरेरावांनी तुरा एकदा मिटला, एकदा उघडला.

"मी तेच म्हणत होतो," ते म्हणाले. "नेत्याने अर्धं सांगायचं असतं. उरलेलं अर्धं अनुयायांनी शोधायचं असतं."

टाळ्या झाल्या. मंडपातून बाहेर पडताना सगुणाक्काच्या हातात पान पडलं. ते अर्धंच होतं. मध्ये बोलून शिस्त मोडल्याबद्दल उरलेलं अर्धं कापून घेतलं होतं. तिने ते उलटून पाहिलं, त्यात दोन ओल्या मुळ्या गुंडाळल्या आणि घराकडे निघाली. दारात तीन रुग्ण बसून होते.

तात्पर्य : आजारी पडायचंच असेल तर वैद्यांच्या महाशिबिरात पडावं, सगळे वैद्य एका जागी मिळतात. मात्र पहिल्या रांगेत बसू नये. तिथे विष चढलेल्या प्राण्याला लक्षपूर्वक ऐकणारा श्रोता समजतात.