धोंडीआबांचं जपानी कोर्ट

आमच्या कोऱ्हाळ्यात दोन मराठी माणसं मराठीत भांडत असली, तरी मधे दुभाष्या लागायचा. लागायचा म्हणजे धोंडीआबांना लागायचा, आणि तो दुभाष्या मी!

मी तिथं शाळेत मास्तर होतो आणि आबांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. पगार शाळेचा, राबणूक आबांची. आबा लढाई संपल्यावर पलटणीबरोबर जपानात जाऊन आलेले. ज्यांनी लढाई सुरू केली त्या प्रधानांवर नि सेनापतींवर टोकियोत खटला चालला होता. त्या कचेरीच्या फाटकावर आबांचा पहारा. अधूनमधून आत उभं राहायला मिळे. तिथं एकजण बोलला की दुसऱ्यानं ते दुसऱ्या भाषेत सांगायचं, तोवर सगळ्यांनी गप्प. न्याय म्हणतात तो हाच, असं आबांच्या मनानं घेतलं. गावी परतल्यावर त्यांनी गुऱ्हाळाच्या मांडवात स्वतःचं कोर्ट मांडलं.

आरोपीनं उसाच्या मोळीवर बसायचं. फिर्यादी जे बोलेल ते मी पुन्हा मोठ्यानं म्हणायचं.

"ह्या मुडद्यानं माजं पाणी तोडलं!" फिर्यादी ओरडे.

"हे म्हणतात, ह्या मुडद्यानं यांचं पाणी तोडलं," मी.

"हां, आता कळलं," आबा.

लोक पोट धरून हसायचे. पण स्वतःची शिवी मास्तरच्या तोंडून ऐकली की फिर्यादी निम्मा गार व्हायचा, हे कबूल केलंच पाहिजे.

आबांचा सवाल ठरलेला. "आदी कोण गेलं?" कुणाचं डोकं फुटलं, कुणाचा हात मोडला, ते मागाहून. आधी दुसऱ्याच्या रानात शिरला कोण ते बोला! गड्यानं म्हणावं, मालकानं धाडलं म्हणून कुऱ्हाड घेऊन गेलो. आबा म्हणत, "तुजं मागनं बगू. आदी मालकाला आणा मोळीवर." एकदा खरंच एका बागाइतदाराला आणून बसवला. तो रागानं मोळीतलाच ऊस उपसून दातानं सोलायला लागला. "कोर्ट खाऊ नगा!" आबा गरजले.

एक भांडण मात्र त्या मांडवात कधी आलं नाही. आबांचं स्वतःचं. धाकटा भाऊ सोपान भिंतीपलीकडे राहायचा, पण आबा जपानातनं आले त्या सालापासून दोघांत शब्द नव्हता. आबांना ना बायको ना पोर. सोपानाची लेक हौसा बापाची नजर चुकवून कालवण आणून द्यायची, आणि आबा त्या पोरीवर जीव टाकायचे.

हौसाचं लग्न ठरलं. सोपानानं गावभर अक्षत दिली आणि आबांच्या दारावरून मान फिरवून पुढं गेला. त्या दिवशी आबा जेवले नाहीत. "मास्तर," ते म्हणाले, "पोरीच्या डोईवर चार दाणं टाकाय मिळालं असतं तर बास हुतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोर्ट बोलावलं, आणि सोपानाला निरोप धाडला. झालं! आता धाकट्याची धडगत नाही म्हणून अख्खं गाव लोटलं. सोपान तणतणत आला आणि तडक मोळीकडे निघाला.

"तितं न्हाय. फिर्यादीच्या जागी ऱ्हा," आबा म्हणाले. आणि फेटा सारखा करून स्वतःच मोळीवर बसले.

"मी पलटणीतनं आलो, तवा माज्या तुकड्यात ह्यानं तूर पेरल्याली. मला वाटलं, ह्यो माजं रान गिळतोय. इचारलं न्हाय, पुसलं न्हाय. उभ्या पिकात बैलं घातली. टोकियोत ते मोठं मोठं लोकबी हेच म्हणत हुतं. आमाला भ्या वाटलं, म्हणून आमी आदी गेलो. तवा मला हसू आलं हुतं त्यांचं. सांगा त्याला, मास्तर. आदी मी गेलो."

मी सांगितलं.

सोपान जमिनीकडे बघत माझ्याशीच बोलला. "त्याला म्हणावं, तूर त्याच्यासाठनंच पेरली हुती. लढाईवरनं येईल, तर घरात दाणा असावा म्हणून."

आता हे मी पुन्हा म्हणायचं! "हे म्हणतात..." एवढंच बोललो आणि पुढचं सोडून टोपीच झटकत बसलो. डोंबलाचा दुभाष्या! पण आबांना ऐकू गेलंच होतं. इतका मोठा माणूस, मोळीवर बसून सगळ्यांदेखत ढसाढसा रडला.

मग डोळे पुसून म्हणाले, "गुन्हा कबूल. सजा बोल."

सोपान मोळीजवळ येऊन उभा राहिला. "परवा मांडव घालायचाय," तो म्हणाला. "मुहूर्तमेढ घरातल्या थोरल्यानं रवायची असती. सकाळच्याला ये."

ठरल्या दिवशी आबा पहार घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. खड्डा खणायला लागले ते थांबेचनात. "आबा, हीर पाडताय का काय?" कुणीतरी विचारलं. आबा मान वर करेनात. केली असती तर डोळे दिसले असते. शेवटी मेढ उभी केली, माती लोटली, पायानं दाबली.

"सरळ हाय का रं?" खाली बघतच त्यांनी विचारलं.

मेढ चांगलीच कलली होती.

"हाय की, दादा," सोपान म्हणाला.