देवापुढचं कार्ड

सुमित्राबाईंनी देवापुढच्या कार्डाला हळद-कुंकवाचं ओलं बोट लावलं आणि हात जोडले. अल्लीपूरच्या त्या घरात स्कूटर येवो की पोराचा निकाल, आधी देवापुढं जायचं. सुट्टीवर आलेल्या लेकाचं, निकेशचं अमेरिकेतल्या कामाचं कार्ड कसं सुटणार?

कुंकू नेमकं कार्डावरच्या निकेशच्या फोटोवर ओघळलं. दुपारी तर हिंगणघाटहून भैयाजी येणार होते. त्यांची मुलगी आचल आणि निकेश एकमेकांना पसंत होते. पण पोरगा तिकडं चोरून काम करतो, असं शेजारच्या डोमाजींनी भैयाजींच्या कानात घातलं होतं. कार्ड डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ते 'हो' म्हणणार नव्हते.

सुमित्राबाईंनी घाईघाईनं राख घेतली आणि कार्ड घासलं. कुंकू गेलं. निकेशचे नाक-डोळेही गेले.

"माय, हे काय करून ठेवलं! तिकडं परत जायचा कागद पेटीत होता म्हणून वाचला!"

"दुसरं काढून घेजो ना बाबू."

"ते तिकडं गेल्यावर. आता भैयाजीले काय दाखवू?"

सुमित्राबाईंनी पोहे दाखवले, मग चिवडा, मग शंकरपाळे. भैयाजींनी सगळं संपवलं, तोंड पुसलं आणि विचारलं, "कार्ड?"

निकेशनं ते पुढं केलं. "तिकडं पक्कं राहाचं कार्ड अजून यायचं हाये. तोवर काम कराले हे देतात. दरवर्षी नवं काढा लागते. पण काम कायद्याचंच, चोरीचं नाई."

"याच्यात तर माणूसच नाई!"

"चूक माही हाये, भैयाजी," सुमित्राबाई रडवेल्या झाल्या. "म्या कुंकू लावलं, न् म्याच राखेनं घासलं."

भैयाजी पुढं वर्ध्याला, आपल्या कचेरीच्या कामाला जाणार होते. त्यांनी पिशवीतून एक कागद काढून कार्डाशेजारी ठेवला. त्यावर त्यांच्या नावाच्या जागी कुंकवाचा लाल डाग होता.

"आचलच्या मायचं काम! अठरा वर्षं झाली, मले नोकरीची एका-एका वर्षाची ऑर्डर भेटते. कायम व्हायचं पत्र अजून यायचंच हाये. मग मी काय चोरून काम करून राह्यलो?"

आठ दिवसांत निकेश-आचलचं साक्षगंध झालं. डोमाजींना पहिल्या पंगतीत बसवून सुमित्राबाईंनी स्वतः जिलबी वाढली. "घ्या भाऊजी, चोरीची नाई," त्या म्हणाल्या.

तीन वर्षांनी अमेरिकेहून निकेशचा फोन आला. पक्कं कार्ड आलं होतं! सुमित्राबाईंनी आधी सुनेला बजावलं, "आचल, देवापुढं ठेवजो. पण कुंकू कोरडं लाव, माय!"

शेजारी बसलेल्या भैयाजींनी रिसीव्हर घेतला.

"जावईबापू, माहं कायमचं पत्र अजून यायचंच हाये. तुमच्या त्या हापिसात माहा एखादा अर्ज चालते काय?"